युद्धकाळातील मॅट्रिक आणि मराठवाड्याचे गुरुजन

गोदावरीच्या दक्षिण तीरावर, बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात, राक्षसभुवन नावाचे एक क्षेत्र आहे. 10 ऑगस्ट 1763 रोजी येथे पेशवे व निजाम यांची गाठ पडली, निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर रणात कामास आला, आणि पानिपतच्या घावानंतर अवघ्या अडीच वर्षांत मराठी दौलतीने पुन्हा मान वर केली. त्या दिवशी थोरल्या माधवरावांचे वय 18 वर्षांचे होते. ज्या वयात आजचा मुलगा शाळेची शेवटची परीक्षा देऊन ‘आता पुढे काय?’ असे वडीलधाऱ्यांस विचारीत असतो, त्या वयात हा तरुण काकांच्या छायेतून बाहेर पडून स्वतःच्या बुद्धीने राज्य चालविण्याच्या उंबरठ्यावर उभा होता. युद्ध हे तरुणांचे वय वाढविते, असे जे म्हणतात त्याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

परंतु पेशव्यांच्या लढाईची हकीकत सांगणे हा या लेखाचा हेतू नाही. राक्षसभुवन ज्या तालुक्यात आहे त्याच तालुक्यात चकलांबा हे गाव आहे. आणि चकलांब्यासारख्या गावातून, त्या लढाईनंतर पावणेदोनशे वर्षांनी, पाटी-दप्तर घेऊन निघणाऱ्या एखाद्या मुलाची कल्पना वाचकांनी करावी, एवढेच आमचे मागणे आहे. त्याच्यापुढेही युद्ध होते, त्याच्याही डोक्यावर निजामाची सत्ता होती, आणि त्यालाही कोणा वडीलधाऱ्याच्या सल्ल्याची गरज होती. भेद इतकाच की, त्याच्याजवळ फौज नव्हती. असलीच तर एक प्रवेशपत्रिका होती. ती जपून ठेवावी की फाडून टाकावी, हा प्रश्न 1938 ते 1948 या दहा वर्षांत मराठवाड्यातील एका सबंध पिढीला पडला. आणि त्याचे उत्तर देण्याचा प्रसंग मुख्यतः शाळामास्तरांवर आला. त्या शिक्षकांनी काय सल्ला दिला, कोणत्या अधिकाराने दिला आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम त्या मुलाची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. 1941 च्या खानेसुमारीच्या वेळी हैदराबाद संस्थानची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 63 लक्ष होती. क्षेत्रफळ 82,000 चौरस मैलांहून अधिक, आणि जिल्हे 16. त्यांपैकी औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे पाच जिल्हे मराठी मुलखाचे. एवढ्या विस्तीर्ण प्रदेशात विद्यापीठ एकच, 1918 साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ. आणि त्याचे माध्यम उर्दू. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो हिंदुस्थानातील पहिला मोठा प्रयोग होय, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे. शास्त्रीय व ऐतिहासिक ग्रंथांची उर्दूत भाषांतरे करण्यासाठी तेथे जे खाते निर्माण झाले त्याचे काम खरोखर नमुनेदार होते. परंतु ज्या भाषेला देशी भाषेचा हा मान मिळाला ती संस्थानातील बहुसंख्य प्रजेची मातृभाषा नव्हती. तेलुगू, मराठी व कानडी मुलांना धाकट्या वर्गांतून आपली भाषा भेटे, आणि वरच्या पायरीवर ती त्यांचा हात सोडून देई. चकलांब्याचा मुलगा घरी ओव्या ऐके, शाळेत अलिफ-बे गिरवी, आणि हिशेब मात्र हाली शिक्क्याच्या रुपयांत करी, अशी ही तिहेरी तारांबळ होती.

शिवाय शाळा होत्या तरी किती? 1951 च्या शिरगणतीतसुद्धा हैदराबाद राज्यातील साक्षरांचे प्रमाण शेकडा दहाच्या आतच भरले. त्यावरून आधीच्या दशकांची कल्पना करावी. माध्यमिक शाळा म्हणजे जिल्ह्याच्या वा मोठ्या तालुक्याच्या ठिकाणचे वैभव. गंगथडीच्या मुलाला मॅट्रिक व्हावयाचे तर बीडला कोणा नातलगाच्या ओसरीवर राहावे लागे. नाही तर बालाघाटचा डोंगर चढून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला मोमिनाबादेस, म्हणजे अंबाजोगाईस, जावे लागे. किंवा सरहद्द ओलांडून ब्रिटिश मुलखातील अहमदनगर गाठावे लागे. गेवराई तालुक्याची शीव अहमदनगर जिल्ह्याला, आजच्या अहिल्यानगरला, भिडलेली आहे. शेतांच्या बांधांत फरक नाही, भाषेत नाही, देवांत नाही. पण त्या बांधाच्या एका बाजूस सभा भरवावयाची तर आधी सरकारची परवानगी लागे, आणि दुसऱ्या बाजूस वर्तमानपत्रे निघत. ‘गश्ती निशाण 53’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या फर्मानाने संस्थानातील सार्वजनिक सभांवर असे काही कुलूप घातले होते की, ग्रंथालयाचा वार्षिकोत्सवसुद्धा संशयास पात्र ठरावा. खाजगी शाळा काढावयासही शिक्षणखात्याची मंजुरी लागे. अशा स्थितीत एखाद्या खेड्यातील मुलगा मॅट्रिक होणे ही केवळ त्या घरातील आनंदाची वार्ता नव्हती; सगळ्या गावाचा कागद वाचणारा, अर्ज लिहिणारा आणि कचेरीत न घाबरता उभा राहणारा माणूस तयार होत असे. म्हणूनच त्या मुलास ‘शाळा सोड’ असे सांगणे ही सामान्य गोष्ट नव्हती.

आता सांगणारे कोण होते ते पाहू. 1921 साली, असहकारितेच्या लाटेत, उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा या लहानशा गावी एक राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे तेथे व्यंकटेश भगवानराव खेडगीकर नावाचे एक तरुण शिक्षक आले. 1903 साली जन्मलेले हे गृहस्थ सोलापुरास शिकले होते, पुण्याच्या टिळक विद्यापीठाचे पदवीधर होते, आणि कामगारपुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली त्यांनी काही काळ काम केले होते. त्यांनी संन्यास घेतला तो हिमालयात जाण्यासाठी नव्हे. संन्यासानंतरही ते शाळेतच राहिले. स्वामी रामानंद तीर्थ या नावाने पुढे सर्व हैदराबाद संस्थानाने ज्यांना ओळखले ते हेच. 1935 साली स्वामीजी व त्यांचे सहकारी मोमिनाबादेस आले आणि योगेश्वरी नूतन विद्यालयाची धुरा त्यांनी खांद्यावर घेतली. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी ज्या गावी आहे, दासोपंतांनी जेथे अफाट ग्रंथरचना केली, त्या गावी मराठी मुलांस मराठी वातावरणात शिकावयास मिळावे, यात एक प्रकारचे औचित्यही होते. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी या शिक्षकमंडळात होते.

या शाळांतील मार्गदर्शन म्हणजे काय होते, हे समजून घेतल्यावाचून पुढची हकीकत उमगणार नाही. आजकाल मार्गदर्शन म्हटले म्हणजे कोणता विषय घ्यावा, कोणत्या परीक्षेस बसावे आणि कोठे नोकरी मिळेल, यांची चर्चा डोळ्यांपुढे येते. ही चर्चा वाईट नाही; पोटाचा प्रश्न तुच्छ लेखण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु हिप्परगा व मोमिनाबाद येथील मुलाने शिक्षकाचे व्याख्यान ऐकण्यापूर्वी शिक्षकाचे जगणे पाहिलेले असे. अल्पस्वल्प मानधनावर राहणारा, स्वतःचे कपडे स्वतः धुणारा, आणि बाहेर चार पैसे अधिक मिळविण्याची पात्रता असूनही येथे राहिलेला मनुष्य समोर दिसत असे. अशा मनुष्याच्या तोंडून आलेला शब्द मुलाला सल्ला वाटत नाही, साक्ष वाटते. आमच्या मते या सर्व इतिहासाची किल्ली येथेच आहे.

1938 साली या किल्लीने पहिले कुलूप उघडले. हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली. ऑक्टोबर महिन्यात सत्याग्रह सुरू झाला, आणि त्या पहिल्याच सत्याग्रहात स्वामीजी तुरुंगात गेले. मुख्याध्यापकाची खुर्ची सोडून ते आधी गेले. ‘तुम्ही पुढे व्हा, मी मागून येतो’ असे त्यांनी विद्यार्थ्यांस म्हटले नाही. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात विद्यार्थ्यांचा स्वतःचा लढा उभा राहिला. औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहातील मुलांनी प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला. तो आग्रह हैदराबादेस उस्मानियाच्या वसतिगृहांत पोहोचला. आणि सरकारने विद्यार्थ्यांची शेकड्यांनी नावे काढून टाकली. संस्थानात विद्यापीठ एकच. त्याचा दरवाजा बंद झाला म्हणजे सर्वच दरवाजे बंद झाले. वर्ष अर्ध्यावर आलेले, घरी वडील संतप्त, नोकरीत असलेल्या वडिलांना वरिष्ठांची ताकीद, अशा अवस्थेत ती मुले रस्त्यावर उभी होती. या प्रसंगी नागपूर विद्यापीठाचे तत्कालीन कुलगुरू टी. जे. केदार यांनी त्या मुलांना आपल्या विद्यापीठात प्रवेश दिला. पुढे पंतप्रधानपदास पोहोचलेले पी. व्ही. नरसिंहराव हे याच चळवळीतून बाहेर पडलेले विद्यार्थी. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातही ते पुढे शिकले. नागपूरने जर त्या दिवशी नियमांची पुस्तके उघडून ‘दाखला कोठे आहे?’ असा प्रश्न केला असता, तर किती आयुष्ये वाया गेली असती याचा हिशेब कोण करणार? शिक्षकाने मुलास उडी घ्यावयास सांगितले असेल, तर पलीकडच्या तीरावर कोणी तरी हात पुढे करावा लागतो. केदारांनी तो हात केला. मार्गदर्शनाचा हा अर्धा भाग भाषणांत येत नाही. म्हणून त्याची आठवण मुद्दाम करावयाची.

1939 च्या सप्टेंबरात युरोपात महायुद्ध पेटले आणि पाहता पाहता त्याची धग गावोगाव पोहोचली. हैदराबाद संस्थानने साम्राज्यास सढळ हाताने मदत केली. ब्रिटिश हवाई दलाच्या 152 व्या तुकडीच्या नावाशी ‘हैदराबाद’ हे नाव जोडलेले होते, आणि ऑस्ट्रेलियाच्या नौदलात 1941 साली ‘निजाम’ नावाची विनाशिका दाखल झाली. ज्या राज्याच्या नावाची विमाने इंग्लंडच्या आकाशात उडत होती, त्या राज्यातील बहुसंख्य खेड्यांतल्या मुलाला हायस्कूल पाहण्यासाठी दोन-दोन दिवसांची पायपीट करावी लागत होती, ही विसंगती कोणाही विचारी मनुष्यास टोचल्यावाचून राहणार नाही. युद्धाबरोबर कागद दुर्मिळ झाला, रॉकेल मोजून मिळू लागले, धान्यावर लेव्ही बसली. अभ्यासाची वही आणि अभ्यासाचा दिवा या दोन्ही वस्तू एकाच वेळी महाग व्हाव्यात, यापेक्षा विद्यार्थ्याची निराळी अडचण ती कोणती?

त्यानंतर 1942 चा ऑगस्ट आला. ब्रिटिश महाराष्ट्रात शाळा-कॉलेजे ओस पडली. 9 सप्टेंबर 1942 रोजी खानदेशात नंदुरबार येथे मिरवणुकीवर गोळीबार झाला. शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा हातात झेंडा घेऊन उभा होता. त्याच्यासह पाच बालवीर त्या दिवशी धारातीर्थी पडले. शिरीषकुमारला सोळावे वर्ष पुरे व्हावयाचे होते. या घटनेचा अभिमान महाराष्ट्राला आहे व असलाच पाहिजे. तथापि वर्गात रोज ज्यांची हजेरी घेतली त्यांतील एक नाव दुसऱ्या दिवशी पुकारता येत नाही, तेव्हा त्या शिक्षकाच्या मनात काय येत असेल, हाही प्रश्न अभिमानाइतकाच खरा आहे. त्याच खानदेशात, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात, सहा वर्षे शिकवून साने गुरुजींनी 1930 साली शाळा सोडली आणि ते सत्याग्रहात गेले. त्यांनीही आधी स्वतःची नोकरी सोडली. नंतर त्यांच्या शब्दाला जी धार आली ती आली.

1942 च्या सुमारास सल्ला देणे पूर्वीइतके सोपे राहिले नव्हते, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. जून 1941 मध्ये जर्मनीने रशियावर स्वारी केली, तेव्हापासून देशातील तरुणांत दोन पक्ष झाले. फॅसिझमचा पाडाव आधी, म्हणून हे लोकयुद्ध, असे एक पक्ष म्हणे. स्वातंत्र्य आधी, असे दुसरा म्हणे. दोन्ही पक्षांत प्रामाणिक शिक्षक होते, आणि एकाच खोलीत राहणारे दोन विद्यार्थी दोन निरनिराळ्या गुरूंचे ऐकत होते. याशिवाय तिसरा सल्ला देणारेही प्रत्येक गावी असतात: ‘बाबा, आधी परीक्षा दे, देश काही पळून जात नाही.’ या तिसऱ्या सल्ल्याची थट्टा करण्याची पद्धत आहे. आम्हांस ती पसंत नाही. ज्याच्या बापाने बैल विकून मुलाला शिकावयास पाठविले, त्याच्या बाबतीत परीक्षा देणे हीही एक प्रकारची लढाईच असते. सरकारी शाळेतील ज्या शिक्षकाने तोंड मिटून वर्षानुवर्षे मुलांकडून गणित पक्के करून घेतले, त्याचे नाव कोणत्याही स्मारकावर येणार नाही. पण त्याचे ऋण कमी मानावे असे नाही. मात्र हे म्हणताना एक भेद केला पाहिजे. ‘परीक्षा दे’ हा सल्ला मुलाच्या हितासाठी दिलेला असतो, तसाच तो कधी कधी सल्लागाराच्या स्वतःच्या सोयीसाठीही दिलेला असतो. औरंगाबादच्या सरकारी हायस्कुलात गणित शिकविणारे गोविंदभाई श्रॉफ यांना नोकरी सांभाळून मुलांना ‘सांभाळून असा’ म्हणता आले असते. कलकत्त्यास गणिताचे उच्च शिक्षण घेऊन आलेल्या या बुद्धिमान शिक्षकाने नोकरी सोडली व आयुष्यभर सोडलेलीच ठेवली.

खरी कसोटी लागली ती 1947-48 या वर्षी. सर्व देश 15 ऑगस्ट रोजी स्वतंत्र झाला. त्याच दिवशी स्वामी रामानंद तीर्थ यांना हैदराबादेत अटक झाली. निजामाने भारतात सामील होण्याचे नाकारले. ‘जैसे थे’ करार नोव्हेंबराच्या अखेरीस झाला. पण लातुरास वकिली केलेल्या कासिम रझवीचे रझाकार खेडोपाडी धुमाकूळ घालीत होते. स्टेट काँग्रेसने वकिलांना न्यायालयांवर आणि विद्यार्थ्यांना सरकारी शिक्षणसंस्थांवर बहिष्कार घालण्याची हाक दिली. दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखाली कृतिसमिती सरहद्दीबाहेरून लढा चालवू लागली. मनमाडपासून बार्शीपर्यंत आणि पलीकडे वऱ्हाडात उमरखेडपर्यंत सरहद्दीला लागून छावण्या उभ्या राहिल्या, आणि त्या छावण्यांतून जे तरुण दाखल झाले त्यांत शाळा-कॉलेज सोडून आलेल्यांचा भरणा मोठा होता.

येथे वाचकांनी चकलांब्याच्या आपल्या मुलाकडे पुन्हा एकदा पाहावे. जी शीव ओलांडून त्याचा वडील भाऊ शिकण्यासाठी नगरला गेला असेल, तीच शीव आता तो शिक्षण सोडून ओलांडीत आहे. सरहद्दीवरच्या गावांतील कितीतरी कुटुंबे त्या दिवसांत भांडीकुंडी घेऊन पलीकडे आश्रयास गेली. वार्षिक परीक्षा तोंडावर आली आहे. घरात आई म्हणते, ‘एवढे वर्ष पुरे कर.’ शिक्षक तुरुंगात आहे, किंवा भूमिगत आहे, किंवा पलीकडच्या छावणीत आहे. त्याला विचारावयाचे म्हटले तरी तो भेटत नाही. अशा वेळी मुलाने जे ठरविले ते शिक्षकाच्या शब्दावरून ठरविले असे म्हणता येणार नाही. शिक्षकाच्या रिकाम्या खुर्चीवरून ठरविले. शब्दापेक्षा रिकामी खुर्ची अधिक बोलते, हा त्या वर्षाचा अनुभव होय.

13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि 17 सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती पत्करली. पाच दिवसांत युद्ध संपले. मुलांचे वर्ष मात्र संपून गेले होते.

त्या गेलेल्या वर्षाचा जमाखर्च मांडताना केवळ जमेची बाजू वाचून दाखविणे हे इतिहासलेखकास शोभत नाही. ज्यांच्या घरी दोन वेळची भ्रांत नव्हती ती मुले परत आली, पुन्हा परीक्षेस बसली, पुढे वकील, प्राध्यापक, मंत्री झाली. त्यांच्या चरित्रांत ते बुडालेले वर्ष भूषण म्हणून येते. परंतु शेतकऱ्याच्या मुलाचे एक वर्ष बुडाले म्हणजे पुष्कळदा शाळाच बुडते. खांद्यावर एकदा नांगर आला की, प्रवेशपत्रिका संदुकीच्या तळाशी जाते. मुलींची गोष्ट तर निघतच नाही. मॅट्रिकच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचलेल्या मुलीच खेड्यांत विरळा. या मुलामुलींची नावे स्वातंत्र्यसैनिकांच्या याद्यांत सापडतील असेही नाही. गुरुजनांच्या सल्ल्याचे मोल ठरविताना हा खर्च विसरता कामा नये.

आणखी एक खर्च आहे. त्याविषयी आपल्याकडे कमी बोलले जाते. पोलीस कारवाईनंतरच्या दिवसांत मराठवाड्याच्या व आसपासच्या जिल्ह्यांत मुसलमान वस्तीवर सूडाचे अत्याचार झाले. त्यांच्या चौकशीसाठी भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली मंडळ पाठविले होते. रझाकारांच्या पापाची शिक्षा अशा कित्येकांना झाली की ज्यांनी कधी लाठीही हातात धरली नव्हती. आणि शिक्षणाच्या पुरते बोलावयाचे तर, ज्या उर्दू शिक्षणाने मराठी मुलाची वाट अडविली होती, तेच शिक्षण घेतलेल्या मुलाची वाट आता अडली. 1948 नंतर उस्मानियाचे उर्दू माध्यम गेले व इंग्रजी आले. दहा-दहा वर्षे ज्या भाषेत गणित व इतिहास शिकला, ती भाषा एका रात्रीत कचेरीतून निघून गेली. हातातला दाखला तसाच, पण त्याचे नाणे चालेनासे झाले, जसा पुढे हाली शिक्का चालेनासा झाला. मुलाच्या भाषेला शाळेत जागा नसणे म्हणजे काय, हे ज्या मराठी शिक्षकांनी स्वतः सोसले होते, त्यांना या दुसऱ्या मुलाचे दुःख सर्वांच्या आधी कळावयास हवे होते. ज्यांना कळले ते खरे गुरू.

तर मग त्या काळच्या शिक्षकांनी मुलांना शाळेबाहेर काढले ते योग्य केले काय? आमचे उत्तर असे की, केवळ 1947-48 या वर्षाकडे पाहून या प्रश्नाचा निकाल लावता येणार नाही. 1921 पासून मागे आणि 1948 पासून पुढे पाहावे लागेल. ज्यांनी ‘शाळा सोडा’ म्हटले त्यांनी आधी शाळा बांधल्या होत्या. ज्याने शाळा बांधली नाही त्याने ‘शाळा सोडा’ म्हणणे हे चिथावणी होय; ज्याने बांधली त्याने म्हणणे हा त्याग होय, कारण तो स्वतःच्या हाताने लावलेल्या झाडावर कुऱ्हाड चालवीत असतो. आणि लढा संपल्यावर यांपैकी पुष्कळजण पुन्हा शाळेकडेच वळले. स्वामीजी दोन वेळा लोकसभेत निवडून गेले, पण 1950 साली नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू करण्यामागे तेच होते. बाबासाहेब परांजपे 1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बीडचे खासदार झाले. अंबाजोगाईस योगेश्वरी महाविद्यालय निघाले ते 1956 साली. गोविंदभाईंनी औरंगाबादच्या सरस्वती भुवन संस्थेची धुरा दीर्घकाळ वाहिली. त्याच 1950 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. आणि ज्या मुलांचा शाळेशी संबंध उंबरठ्याबाहेरूनच होता, त्यांच्यासाठी उच्च शिक्षणाचा दरवाजा प्रथमच सताड उघडला गेला. 1958 साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. वीस वर्षांपूर्वी ज्या मुलखाला स्वतःचे विद्यापीठ नव्हते, आणि म्हणून ज्याच्या मुलांस नागपूरच्या दारात उभे राहावे लागले, त्या मुलखाने स्वतःचे दार उभे केले.

या परतफेडीचे एक बोलके उदाहरण नरहर कुरुंदकरांचे. 1932 साली जन्मलेल्या कुरुंदकरांनी शाळकरी वयातच हैदराबादच्या मुक्तिलढ्यात भाग घेतला. परीक्षांच्या बाबतीत त्यांची वाट मुळीच सरळ गेली नाही. अपयशाचे धक्के त्यांनी पुष्कळ खाल्ले. तरीसुद्धा ते शिक्षक झाले, आणि नांदेडच्या त्याच पीपल्स कॉलेजचे प्राचार्य असताना 1982 साली निवर्तले. परीक्षा हुकलेल्या विद्यार्थ्याला एका संस्थेने आपल्या प्राचार्याच्या आसनापर्यंत येऊ दिले, यात त्या विद्यार्थ्याच्या बुद्धीचा गौरव आहेच. पण परीक्षा का हुकल्या हे ज्या पिढीला ठाऊक होते, तिच्या कृतज्ञतेचाही त्यात वाटा असावा.

आता मराठवाड्यात दरवर्षी 17 सप्टेंबरला शाळांतून ध्वजवंदन होते. चकलांब्याच्या मुलाला मॅट्रिकसाठी डोंगर चढावा लागत नाही, सरहद्द ओलांडावी लागत नाही. जी सरहद्द होती ती आता दोन जिल्ह्यांमधली साधी शीव आहे. अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाला आणि 1994 साली नांदेडला स्थापन झालेल्या विद्यापीठाला स्वामी रामानंद तीर्थांचे नाव आहे. नाव देणे सोपे असते. त्या नावाच्या मनुष्याने मार्गदर्शनाची जी अट घालून दिली ती पाळणे कठीण. ती अट अशी की, मुलाने जी किंमत मोजावी असे तुम्हांस वाटते, ती आधी तुम्ही मोजलेली असली पाहिजे. आणि त्याने ती मोजल्यावर, तो परत येईल तेव्हा, शाळेचा दरवाजा उघडण्यास तुम्ही तेथे असले पाहिजे.

राक्षसभुवनी 18 वर्षांच्या माधवरावाला जय मिळाला तो एका दिवसात. 1948 च्या मुलाला आपला जय मिळाला की नाही हे कळावयास पुष्कळ वर्षे लागली. आणि ज्याची संदूक अजून कोणी उघडली नाही, त्याला तर ते कधी कळलेच नाही. पहिल्याची बखर झाली. दुसऱ्याची प्रवेशपत्रिका एखाद्या जुन्या घरात, पिवळी पडून, घडी न मोडलेली, अजून असेल. ती सापडल्यास घरच्यांनी टाकून देऊ नये.